आईला बाग आवडावी म्हणून

कोल्हापूरला समुद्र नाही, पण चौपाटी आहे. रंकाळ्याच्या काठावर भेळेच्या गाड्या लागतात, मक्याची कणसं भाजली जातात, लहान मुलं हट्टाने घोड्यावर बसतात आणि बसल्यावर रडतात. त्या सगळ्याला आम्ही न लाजता चौपाटी म्हणतो. मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्र म्हणजे काय आणि तलाव म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते, आणि संध्याकाळी नवऱ्याला फोन करून विचारते, "चौपाटीवर जाऊया का?" आमच्याकडे जे नाही त्याचं आम्हाला कधी फारसं वाईट वाटत नाही. त्याचं नाव दुसऱ्या कशाला तरी देऊन आम्ही भेळ खायला मोकळे.

या दिवाळीनंतर मी आईला गावाहून कायमची घेऊन आले. 'कायमची' हा माझा शब्द. तिचा शब्द 'आठ दिस'. वडील गेल्यावर ती वर्षभर भोगावतीकाठच्या आमच्या घरात एकटी राहिली. मी एकुलती एक, त्यामुळे तिला न्यायला दुसरं कुणी येणार नव्हतं, आणि माझ्याकडे यायला ती तयार नव्हती. लेकीच्या घरी चार दिवस राहावं, तिच्या हातावर काहीतरी ठेवावं आणि परत फिरावं, ही तिची रीत. लेकीच्या दारात म्हातारपण काढणं म्हणजे तिच्या लेखी गावाला बोलायला विषय देणं. मग एका सकाळी ती गोठ्यात घसरून पडली. मनगट मोडलं. शेजारच्या काकू डेअरीला दूध घालायला निघाल्या होत्या, त्यांना तिची हाक ऐकू आली, नाहीतर किती वेळ तिथेच पडून राहिली असती कोण जाणे. प्लॅस्टर झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी खुबा मोडेल, यांना आता एकटं ठेवू नका. म्हशी विकल्या. रान आईच्या पुतण्याला वाट्याने दिलं. आणि आई एक पिशवी घेऊन राजारामपुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली.

पहिल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद. सकाळी चहा झाला की बशी पालथी घालायची आणि म्हणायचं, "मी आता जातो."

आमच्याकडे बायकासुद्धा 'येतो-जातो' म्हणतात. शाळेत मी 'येते' म्हणते, आईसमोर बसलं की माझंही आपोआप 'येतो' होतं.

"कुठं जातीस? कोण हाय तितं?" मी विचारायची.

"घर हाय की."

"घर काय हात देऊन उठवणार हाय व्हय, पडलीस तर?"

यावर ती बशी विसळायला उठायची. पण गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गॅलरीत जाऊन ती खाली बघायची, गरगरतंय म्हणून आत यायची, आत भिंती बघून पुन्हा गॅलरीत जायची. मी तिला डाळ निवडायला दिली, ती अर्ध्या तासात निवडून झाली. लसूण सोलायला दिला. चार दिवसांत आमच्या घरात महिनाभर पुरेल एवढा सोललेला लसूण झाला.

शेवटी नवराच म्हणाला, "मामींना जरा बाहेर ने. घर नाही आवडलं तर निदान गाव तरी आवडेल."

मी एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याची सुटका नसते, हे माझे विद्यार्थी शपथेवर सांगतील. मी ठरवलं, आईला कोल्हापुरातल्या सगळ्या बागा दाखवायच्या. एवढ्या बागा आहेत, एखादी तरी मनात भरेल. बाग आवडली की शहर आवडेल, शहर आवडलं की घर आवडेल, आणि घर आवडलं की ती 'आठ दिस' म्हणायची थांबेल. तिने राहावं, एवढंच मला हवं होतं. रात्री फोन वाजला की गावाकडचा असेल या भीतीने मी वर्षभर दचकून उठले होते. ते मला पुन्हा नको होतं.

पहिला मान अर्थातच चौपाटीचा. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे रंकाळ्यावर गेलो. ऊन उतरलं होतं, पाण्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या होत्या, संध्यामठाच्या बाजूला आभाळ केशरी झालं होतं. मी मनात म्हटलं, आता बोलेल काहीतरी. आई कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती.

"पाणी चिक्कार हाय की गं. कुणाच्या रानाला जातंय?"

"कुणाच्या न्हाय. बघायला हाय."

"नुसतं बघायला?"

"व्हय. छान दिसतंय न्हवं?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की एवढं शिकवून शेवटी पोरगी अशी निघाली. मग आम्ही भेळ घेतली. तिने दोन घास खाल्ले आणि गाडीवाल्याला विचारलं, "पावणं, मिरची महाग झालीया का?" तो खो खो हसला आणि तिच्या कागदावर आणखी एक चमचा ठेचा घालून दिला. तेवढी भेळ तिने शेवटपर्यंत खाल्ली. पण घरी येताना गाडीत म्हणाली, "उद्या जातो मी."

मग टाऊन हॉलची बाग. तिथली जुनी झाडं मला फार आवडतात. उन्हाळ्यात पेपर तपासायचा कंटाळा आला की मी गठ्ठा घेऊन तिथे जाऊन बसते. आईने एका झाडाच्या बुंध्याला हात लावला, मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं, आणि मला वाटलं आता जमलं. "ह्या एका झाडात," ती म्हणाली, "एका घराची समदी दारं, खिडक्या आन् वर देव्हारा निघंल." नवऱ्याने तोंड फिरवून हसू दाबलं. मला काही हसू आलं नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात आलं, आणि स्वतःच्या आईबद्दल असं मनात आणल्याचा रागही आला.

कळंब्याला तळ्याच्या बांधावरून चालताना तिला बरं वाटत होतं. तिथे वारा होता, थोडं मोकळं रान दिसत होतं. परत येताना तिने त्या लांबलचक उंच भिंतीकडे बोट दाखवलं.

"हे काय गं एवढं?"

"जेल."

"आत बसून काय करत्यात दिसभर?"

"काही जणांना शेतीचं काम देत्यात म्हणं."

ती चालायची थांबली. "म्हंजे त्यास्नी रान हाय?"

"आसंल की."

"चोऱ्यामाऱ्या करून बी रान मिळतंय," ती म्हणाली. "मी काय केलंतं?"

ती विनोद करत नव्हती. त्या संध्याकाळी मी हात टेकले. यापुढे तिला लांबच्या बागांना न्यायचं नाही, असं ठरवून टाकलं.

आमच्या घराजवळ एक लहानशी बाग आहे. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. कडेने फरशीची चालायची वाट, मधे थोडी हिरवळ, दोन घसरगुंड्या, एक कारंजं, जे मी चालू असलेलं पाहिलेलं नाही. दाखवायच्या बागांमध्ये मी ती धरलीच नव्हती. पण शाळेच्या दिवशी आईचं काय करायचं, म्हणून नवरा तिला चारच्या सुमाराला तिथे सोडायला लागला आणि दिवेलागणीला घेऊन यायला लागला. एवढं तिने मान्य केलं, कारण ते नवऱ्याने सांगितलं होतं. जावयाला ती नाही म्हणू शकत नाही. त्यांच्या पिढीची ती एक कमजोरी आहे, आणि मी तिचा फायदा घेतला.

तिथे तिला एक सोबतीण मिळाली. शिरोळकडच्या जैन आजी, मुलाचा दवाखाना आमच्याच गल्लीत. त्या आईला 'अक्का' म्हणायच्या, आई त्यांना 'बाई'. दोघी कट्ट्यावर शेजारी शेजारी बसायच्या आणि फार बोलायच्याही नाहीत. आजींच्या रानात आता प्लॉट पडले होते, घरं उठली होती, ते त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा काढलं नाही. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागे, म्हणून सावल्या लांब झाल्या की त्या गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि म्हणत, "येतो अक्का." आईही मग माझा नवरा येईपर्यंत फाटकाशी उभी राहायची.

एकदा मी लवकर गेले तर दोघी चालणाऱ्या लोकांकडे बघत होत्या. आईने मला विचारलं, "ही माणसं घाण्याच्या बैलागत गोल गोल कशापायी फिरत्यात?"

"तब्येतीसाठी."

"मग एवढं फिरून थोडा रस तरी निघू दे की."

जैन आजी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. आईसुद्धा हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिचे दात दिसले. मी घरी आल्यावर नवऱ्याला मोठ्या रुबाबात सांगितलं, बघ, जमतंय. उतावळा नवरा म्हणतात, तशी मी उतावळी लेक.

पुढच्याच रविवारी सकाळी मी तिला घेऊन बागेत गेले. ती कट्ट्यावर आजींजवळ बसली आणि मी कानात गाणी लावून घाण्याचा बैल झाले. किती फेऱ्या झाल्या होत्या ठाऊक नाही. कारंज्याला वळसा घालून आले तर हिरवळीच्या कडेला दहा-पंधरा माणसं जमलेली. मधे माझी आई उकिडवी बसलेली, पदर खोचलेला, हातात खुरपं. ते खुरपं ती गावाहून पिशवीत लुगड्यांच्या खाली घालून घेऊन आली होती, हे मला त्या क्षणी कळलं. तिच्या मागे चांगली कॉटएवढी जमीन उघडी पडली होती. तांबडी, भुसभुशीत, एक काडी नाही त्यात. आणि उपटलेलं गवत माती झाडून, मुळं वर करून, फरशीवर उन्हात टाकलेलं. प्लॅस्टर निघालेला हात तिने गुडघ्यावर टेकवला होता आणि दुसऱ्याने ती झपाझप पुढे सरकत होती. जैन आजी तिची चप्पल राखत शेजारी उभ्या होत्या.

हरळी. ऊसवाल्याला हरळी म्हणजे काय, हे ज्याने भांगलण केली त्यालाच कळतं. एक कांडी राहिली तरी पुन्हा रानभर पसरते. माझ्या आईने सगळा जन्म तिच्याशी भांडण्यात घालवला. आमच्या रानात हरळी दिसली तर गावात मान खाली जायची. इथे तिने पाहिलं, एवढी चांगली जमीन आणि सगळी हरळीने खाल्लेली, आणि माणसं खुशाल शेजारून फिरताहेत. तिला राहवलं नाही.

बागेचा माळी पाण्याची नळी टाकून धावत आला. "ओ मावशी! काय करतायसा?"

"भांगलतोय की," आई म्हणाली, जसं काही तो आंधळाच आहे.

"अवो, लॉन हाय ती!"

"कशाचं लॉन? हरळी हाय."

"हरळीच हाय! लावलीया आम्ही ती!"

आईचा हात थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, वेडाबिडा आहे का या शंकेने. "लावलीया? हरळी? कुणी सांगितलं तुला?"

"साहेबांनी."

"साहेबाचं कुठं रान हाय का?"

लोक हसले. माळीसुद्धा हसला. तो राधानगरीकडचा होता, घरची शेती असलेला, त्याला तिचं म्हणणं बरोबर कळलं होतं. मी पुढे होऊन माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. हरळीच ती, मरतीया कुठं? परत लावतो." इथेच सगळं मिटलं असतं. पण घोळक्यातला एक सुशिक्षित माणूस, बूट आणि टोपी घातलेला, दुसऱ्याला म्हणाला, "गावाकडनं आणून सोडत्यात म्हाताऱ्या बागेत, आणि आपण बघत बसायचं."

त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझ्यावरचा जुना आरोप आहे आणि त्या दिवशी मी तो पुरेपूर खरा केला. तो माणूस निघून गेला. पण आईने ऐकलं होतं. तिने खुरप्याची माती पदराने पुसली, उघड्या पडलेल्या तुकड्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याआधी फाटकाकडे चालायला लागली.

घरी आल्यावर तिने पिशवी भरली. या खेपेला चहा नाही, बशी नाही.

"मला गावाला सोड. तू न्हाय सोडलंस तर मी यष्टीनं जातो."

"आई, एका माणसाच्या बोलण्यावर..."

"त्याचं काय चुकलं? आणून सोडलंयस न्हवं?"

मी ओरडले. तीही ओरडली. कोल्हापूरच्या दोन बायका ओरडायला लागल्यावर तिसऱ्या मजल्यावरून आवाज कुठवर जातो ते शेजाऱ्यांना विचारा. मी म्हटलं, तितं पडलीस आणि कुणाला कळलंच न्हाय तर मी जन्मभर काय करू? ती म्हणाली, कुणाच्या तरी दारात बसून मरण्यापेक्षा आपल्या गोठ्यात मेलेलं बरं. कुणाच्या तरी! मी तिची एकुलती एक लेक, आणि माझं दार कुणाचं तरी. मला इतकं लागलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. नवऱ्याने मधे पडून तह केला. पुढच्या रविवारी मी तिला गावी घेऊन जायचं. दिवसभर बघायचं. तिला राहायचंच असेल तर काकूंच्या घरातलं कुणीतरी रात्री सोबतीला झोपेल का ते विचारायचं. हे बोलताना त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

तो आठवडा ती बागेत गेली नाही. नवऱ्याने चारदा विचारलं, ती चारदा गुडघे दुखतात म्हणाली.

रविवारी सकाळी गाडीत ती ताठ बसली होती. गाव जवळ आलं तशी काच खाली करून वास घ्यायला लागली. कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं. घरी पिशवी ठेवली न ठेवली तोच म्हणाली, "आधी रानात."

ऊस तुटून गेला होता. खोडव्याची कोवळी फूट वर आली होती, आणि पुतण्याची बायको आणखी दोघींना घेऊन भांगलत होती. आई बांधावरून खाली उतरली, पदर खोचला आणि एका सरीत बसून पुतण्याच्या बायकोच्या हातातलं खुरपं घ्यायला हात पुढे केला. ती पोरगी चट्‌कन उठली.

"आत्ती, हे काय? हात मोडलाय न्हवं तुमचा? तुम्ही बसा सावलीला. आम्ही हाय की."

बोलणं मानाचं होतं. तिने आंब्याखाली पोतं अंथरलं, आईला धरून नेऊन बसवलं, तांब्याभर पाणी आणून दिलं, घरून चहाही मागवला. वाट्याने रान केलेल्या घरात याहून चांगली वागणूक कोण देईल? आई पोत्यावर बसली. मी शेजारी बसले. समोर तिचं रान, आणि त्यात दुसऱ्यांचे हात.

आमच्या गावांत एक पद्धत आहे. वाटेने जाणारा माणूस, तुम्ही जे करत असता तेच तुम्हाला विचारतो. जेवत असाल तर 'जेवतायसा व्हय?' धुणं धूत असाल तर 'धुणं व्हय?' त्यात काही विचारायचं नसतं. मी तुम्हाला पाहिलं, एवढंच सांगायचं असतं. आमचं रान वाटेच्या कडेला. माझी आई सगळा जन्म तिथून ओरडून उत्तर देत आली. भांगलतोय. खत घालतोय. पाणी पाजतोय.

वैरणीचा भारा घेऊन एक बाई गेली. "काय वैनी, बसलायसा व्हय?"

"व्हय, बसलोय," आई म्हणाली.

सायकलवरून एक म्हातारे गेले. "आला व्हय कोल्हापुरास्नं? बसलाय व्हय निवांत?"

"व्हय. बसलोय."

ट्रॅक्टरवरच्या माणसाने इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडून तेच विचारलं. त्याला तिने हात वर केला. मग डेअरीतून परत येणाऱ्या काकू, मग त्यांची सून. प्रत्येकाच्या तोंडी प्रेम होतं. आणि प्रत्येक वेळी माझ्या आईचा आवाज थोडा खाली जात होता. शेवटी वाटेवर कुणी दिसलं की ती पायाच्या बोटांतली माती काढायला लागली, म्हणजे मान वर करावी लागू नये. मी तिच्याकडे बघत होते. तिचं रान तिथेच होतं, गाव तिथेच होतं, आणि तिला त्यात कुठे बसवावं ते कुणालाच कळत नव्हतं. मला तिची इतकी दया आली की मी उठून लांब विहिरीकडे जाऊन आले.

परत आले तर ती उभी होती.

"चल."

"घरी?"

"किती वाजलं?"

"तीन होत आलं."

"मग चल लौकर. उशीर हुईल."

घरी येऊन आम्ही भाकरी खाल्ली. मी काकूंच्या घरी किल्ली द्यायला गेले. ती देऊन ये, असं आईनेच सांगितलं होतं. रात्री सोबतीला कुणी मिळेल का हे मी विचारलंच नाही. परत आले तेव्हा आई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेली होती. पट्टा लावायला तिला कधी आवडत नाही.

गाव मागे पडल्यावर मी धीर करून विचारलं, "राहणार हुतीस न्हवं?"

तिने काच खाली केली. उसाने भरलेल्या बैलगाड्या समोरून येत होत्या.

"तितं बागंत कोण इचारत न्हाय," ती म्हणाली.

"काय इचारत न्हाय?"

"बसलायसा व्हय म्हणून. समदीच बसल्यात. त्यास्नी बी काम न्हाय, मला बी न्हाय. रान बी कुणाचंच न्हाय."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव! "आणि माझ्या घरात?"

"तुज्या घरात मी पावणी," ती सरळ म्हणाली. "गावात बी आता पावणीच. त्या बागंत कोण बी आला तरी पावणाच. म्हणून बरं हाय ते."

मला लागलं. खोटं कशाला सांगू? तीन महिने मी तिला तलाव दाखवले, झाडं दाखवली, घरात तिच्यासाठी वेगळी खोली केली, आणि तिला काय आवडलं, तर बंद कारंजं आणि कुणी काही न विचारणं. मी 'राहा' म्हटलं म्हणून ती राहत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे रस्ता जरा पुसट झाला. मी वायपर लावला, आणि मग लक्षात आलं की पाऊस नाही.

"जरा जोरानं चालव," आई म्हणाली. "ती बाई दिस बुडायच्या आत उठती."

फुलेवाडीच्या नाक्यावर गर्दी लागली तेव्हा ती सीटवर पुढे सरकून बसली, जणू तिने ढकलल्याने गाडी लवकर निघणार होती. बागेशी पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं होतं. जैन आजी कट्ट्यावर होत्या. त्यांनी आईला पाहिलं आणि उठत होत्या त्या पुन्हा बसल्या. माळी फाटकाशीच भेटला. "आला व्हय मावशी? खुरपं आणलंय का न्हाय आज?" आई म्हणाली, "आणलंय की, तुझ्या साहेबाला दे." आणि ती हात हलवत आत गेली. मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी गाडी आमच्या इमारतीखाली लावली. पिशवी काढायला डिकी उघडली, तर पिशवीच्या शेजारी दोरीने बांधलेली तिची वाकळ. जुन्या लुगड्यांची, तिने स्वतः शिवलेली, माझ्या लहानपणाची लुगडी ओळखू येणारी जाडजूड गोधडी. मी किल्ली द्यायला गेले होते तेव्हा तिने ती आणून ठेवली असणार, मोडक्या हाताने. आमच्याकडे गाद्या आहेत, रजया आहेत. आता ही कुठे ठेवायची, असं पुटपुटत मी ती कवेत घेऊन लिफ्टने वर गेले.

नवऱ्याने दार उघडलं आणि आधी माझ्यामागे पाहिलं. "मामी? राहिल्या तिकडंच?"

"बागेत बसलीय. आणि माझ्या घरात ती पावणीच आहे म्हणे. मला तोंडावर सांगितलं."

तो वाकळेकडे बघत होता. "आणि हे?"

"तिचं अंथरूण."

"अंथरूण घेऊन येणारा पावणा मी तरी अजून बघितला नाही," तो म्हणाला.

मी दारातच उभी राहिले. मग मला रडू आलं, मोठ्याने, शेजारच्यांनी दार उघडावं एवढं. नवऱ्याने आत जाऊन चहा ठेवला. मी आईच्या खोलीत गेले, पलंगावरची आमची फुलाफुलांची चादर काढली आणि तिची वाकळ अंथरली.